देऊळ, तरुण मंडळ आणि श्रमदान



आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जाऊन कलशारोहणाचा मंगल दिवस उजाडला आहे. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा समितीतील वडीलधाऱ्या मंडळींनी केली. मी काही लेखक नव्हे. शिक्षण दहावीपर्यंतचे आणि नोकरी तहसील कचेरीतील कारकुनाची. आवक-जावक नोंदवहीत ओळी भरणे एवढेच माझे लेखन. तथापि आज्ञा मोडता येत नाही, म्हणून हा अल्पसा प्रयत्न. चूकभूल वाचकांनी पदरात घ्यावी.

मंदिराची माहिती, देणगीदारांची नावे आणि जमाखर्च या स्मरणिकेत अन्यत्र आलेच आहेत. मला लिहावयाचे आहे ते आपल्या तरुण मंडळाविषयी. गेल्या बैठकीत एका गृहस्थांनी सहज विचारले, "कळस चढला की मंडळाचे काम संपले. मग शिल्लक रक्कम देवस्थानात जमा करून मंडळ बंद करावयाचे का?" काहींनी माना डोलावल्या. मी त्या वेळी गप्प बसलो, पण रात्री झोप लागली नाही. आपल्याच जिल्ह्यात एका गावाने देवळाच्या जीर्णोद्धारातून काय मिळविले, याचा इतिहास डोळ्यांपुढे येत राहिला. तोच येथे सांगतो. निर्णय ग्रामस्थांनी करावा.

देवाचे काम आणि लोकांचे काम

आपला जिल्हा आज अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. २०२४ साली अहमदनगर हे नाव बदलून जिल्ह्याला ज्यांचे नाव दिले गेले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभे केले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याच अहिल्यादेवींनी ठिकठिकाणी घाट बांधले, विहिरी व बारवा खोदल्या, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, अन्नछत्रे घातली. देवाच्या दाराशी आलेला माणूस तहानलेला राहू नये, ही त्यामागची दृष्टी. देऊळ आणि पाणवठा, देऊळ आणि अन्न, या जोड्या आपल्याकडे पूर्वापार चालत आलेल्या आहेत. मधल्या काळात आपण देऊळ तेवढे ठेवले आणि बाकीचे सरकारवर सोपविले.

ही तुटलेली जोड आपल्या काळात पुन्हा सांधली ती पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावाने.

१९७५ चे राळेगण

पारनेर तालुका अवर्षणप्रवण. पाऊस वर्षाकाठी पंधरा-वीस इंच, तोही बेभरवशाचा. जो पडतो तो उघड्या डोंगरावरून मातीसकट वाहून जातो. १९७२ च्या दुष्काळाने आपल्या जिल्ह्याची काय दैना केली, ती या गावातील ज्येष्ठांनी अंगावर झेलली आहे. खडी फोडावयास कोण कोण गेले होते, हे आजही पारावर सांगितले जाते. राळेगणची स्थिती याहून वेगळी नव्हती. शेतात पिकेना म्हणून पुष्कळ घरांनी हातभट्टीचा धंदा धरला. गावात तीसहून अधिक भट्ट्या होत्या. सायंकाळी गावात शिव्या, मारामाऱ्या आणि बायकांचे रडणे. संत यादवबाबांचे मंदिर पडझडीस आले होते. त्या देवळाचे लाकूड काढून भट्टीखाली जाळण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती.

अशा गावात १९७५ साली किसन बाबुराव हजारे, म्हणजेच अण्णा हजारे, लष्करातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन परतले. सैन्यात ते मोटारचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, सोबती धारातीर्थी पडले आणि ते वाचले. वाचलेले आयुष्य लोकांच्या कामी लावावयाचे, असा निश्चय त्यांनी केला. लग्न केले नाही. गावी आल्यावर राहावयास आपले घर न निवडता त्यांनी यादवबाबांच्या मंदिरातील खोली निवडली.

पहिले काम : जीर्णोद्धार

आता पाहण्यासारखी गोष्ट ही की, अण्णांनी गावात पाऊल टाकताच दारूबंदीवर भाषण केले नाही की पाण्याचा आराखडाही मांडला नाही. प्रथम त्यांनी देऊळ दुरुस्त करावयास घेतले. सैन्यातील नोकरीचे जे पैसे हाती आले होते, त्यातील सुमारे वीस हजार रुपये त्यांनी या कामी घातले. त्या काळी वीस हजार ही रक्कम केवढी, हे जुन्या खरेदीखतांवरील आकडे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

गावाने प्रथम दुरून पाहिले. हा माणूस स्वतःची पुंजी देवळात घालतो आहे, मागत काही नाही, हे दिसल्यावर लोक जवळ येऊ लागले. कोणी आपल्या रानातील झाड लाकडासाठी दिले. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नव्हते, त्याने अंगमेहनत दिली. तरुण पोरे दगड-माती वाहू लागली. यातूनच तरुण मंडळ उभे राहिले. देऊळ नीट झाले तेव्हा गावाला बसावयास आणि बोलावयास एक स्वच्छ जागा मिळाली. मला वाटते, त्या जीर्णोद्धाराचे खरे फळ ही जागा आणि ही पोरे. पैसा एकाचा, लाकूड दुसऱ्याचे, घाम तिसऱ्याचा, आणि देऊळ मात्र सर्वांचे, हा हिशेब गावाला प्रथमच कळला. तो एकदा कळला की पुढची कामे सोपी होतात.

देवासमोरचा शब्द

तरुण मंडळाने हाती घेतलेले मोठे काम म्हणजे दारूबंदी. सभा मंदिरात भरली आणि भट्ट्या बंद करण्याचा ठराव तेथेच झाला. ग्रामपंचायतीच्या कचेरीत झालेला ठराव कागदावर राहतो, हे मी नोकरीत रोज पाहतो. देवासमोर दिलेला शब्द माणसाच्या मनाला टोचत राहतो. तीसहून अधिक भट्ट्या लोकांनी आपण होऊन बंद केल्या. ज्यांनी केल्या नाहीत, त्यांच्या भट्ट्या तरुणांनी बंद पाडल्या. पुढे तंबाखू, विडी, सिगारेटही मंडळाने गोळा करून होळीत जाळली आणि गावातील दुकानांतून त्यांची विक्री थांबली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. जे पिणे सोडीत नसत, त्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारल्याचे प्रकार राळेगणात घडले. स्वतः अण्णांनी ते नाकारले नाहीत. आई मुलाला कडू औषध पाजते, तसे हे आहे, असे त्यांचे सांगणे. त्या घरांतील स्त्रियांना यामुळे सुटल्यासारखे वाटले असेल, हे मी समजू शकतो. तरीही माझ्या अल्पमतीस हा मार्ग पटत नाही. माणूस व्यसनी झाला म्हणून तो गावचा राहत नाही, असे नाही. त्यास शिक्षा करावयाची तर कायदा आहे. मंडळाच्या हातात पट्टा आला की आज तो दारूड्यावर चालेल, उद्या मत न देणाऱ्यावर चालेल. राळेगणचे पुष्कळ घ्यावे, पण हे घेऊ नये.

पाणी अडविले ते हातांनी

दारू बंद झाली, पण पोटाचे काय? शेतीला पाणी असल्याखेरीज भट्टी सोडलेला माणूस टिकणार नाही, हे उघड होते. त्या सुमारास पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांचे पाणी पंचायतीचे काम चालू होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, भूमिहीनालाही त्यात वाटा ठेवावयाचा आणि उसासारखे तहानलेले पीक घ्यावयाचे नाही, असे त्यांचे नियम. अण्णांनी ते काम पाहिले व त्यातून धडा घेतला.

राळेगणात पूर्वी बांधलेला एक पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नसे. गावाने श्रमदानाने तो दुरुस्त केला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तलावाखालच्या सात विहिरींना पाणी राहिले. गावात कोणाच्या आठवणीत असे झालेले नव्हते. त्या सात विहिरींनी जे काम केले, ते सात सभांनी झाले नसते. पुढे डोंगरउतारावर समतल चर, ओघळींवर दगडी बांध, नाल्यावर मातीचे बांध अशी माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. वरचा उतार उघडा ठेवून खाली तलाव बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. उतारावर गवत व झाडे हवीत, म्हणून चराईबंदी व कुऱ्हाडबंदी हवी. त्यासाठी ज्याच्या शेळ्या आहेत त्याची समजूत काढावी लागते. म्हणजे पाण्याचे काम शेवटी माणसांशी येऊन ठेपते.

श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि नसबंदी म्हणजे कुटुंबनियोजन, ही पंचसूत्री पुढे सर्व महाराष्ट्रात गेली. १९९२ साली राज्य शासनाने आदर्श गाव योजना सुरू केली, तिच्यामागे राळेगणचाच अनुभव होता. एका गावच्या कामावरून सरकारला योजना काढावी लागली, ही आपल्या जिल्ह्यास अभिमान वाटावा अशी बाब होय. अण्णांना १९९० साली पद्मश्री आणि १९९२ साली पद्मभूषण मिळाले. पुढे २०११ च्या लोकपाल आंदोलनामुळे त्यांचे नाव देशभर झाले. त्याबद्दल ज्याचे त्याचे मत असेल. मला येथे सांगावयाचे आहे ते गावातील कामाविषयी.

भांडी, मांडव आणि धान्य

मोठ्या कामांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला अधिक मोल वाटते ते मंडळाच्या लहान कामांचे. लग्नापायी शेतकरी कर्जात बुडतो, म्हणून राळेगणात सामुदायिक विवाह सुरू झाले. स्वयंपाक करणे व पंगती वाढणे ही जबाबदारी तरुण मंडळाने घेतली. मांडव, भांडी, ध्वनिक्षेपक व सजावटीचे सामान मंडळातील दलित समाजाच्या सभासदांनी खरेदी केले. ज्यांना एके काळी पंगतीच्या बाहेर बसावे लागे, त्यांच्याच मालकीची भांडी गावाच्या लग्नात फिरू लागली. अस्पृश्यता निवारणावर व्याख्याने पुष्कळ झाली असतील, पण हे त्याहून परिणामकारक आहे, असे मी समजतो. दलित कुटुंबांची घरे बांधण्यास इतरांनी श्रमदान केले आणि त्यांच्यावरील कर्ज फेडण्यासही हात लावला.

१९८० च्या सुमारास मंदिरातच धान्य बँक सुरू झाली. ज्याच्याकडे अधिक पिकले त्याने धान्य द्यावयाचे, अडलेल्याने न्यावयाचे आणि सुगी झाल्यावर काही वाढावा घालून परत आणावयाचे. सावकाराच्या दारात उभे राहण्याची वेळ त्यामुळे टळली. शाळेचेही तसेच. संत यादवबाबांच्या नावाने १९७९ साली शिक्षण संस्था निघाली आणि इतरत्र नापास झालेल्या मुलांना तेथे आवर्जून प्रवेश दिला जाऊ लागला. दहावीच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विशेष भावते.

हिवरे बाजारची साक्ष

हे सारे एका माणसाच्या तपामुळे झाले, आपल्याकडे असा माणूस कोठून आणावयाचा, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर नगर तालुक्यातच आहे. हिवरे बाजार येथे १९८९ साली पोपटराव पवार हे उच्चशिक्षित तरुण बिनविरोध सरपंच झाले. तेथेही दारू, भांडणे व स्थलांतर होतेच. तेथे काम ग्रामसभेच्या ठरावांनी पुढे गेले. दारूची दुकाने बंद करताना तो धंदा करणाऱ्यांना बँकेचे कर्ज मिळवून देऊन दुसरा धंदा लावून देण्यात आला. राळेगणची पंचसूत्री घेऊन त्यात शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा नियम घातला गेला. पावसाळा संपला की गावच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडावयाचा आणि पाणी किती आहे ते पाहून पिके ठरवावयाची, अशी पद्धत पडली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

दोन्ही गावे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. पुढारी लागतोच. पहिला दगड कोणीतरी उचलल्याखेरीज दुसरा उचलत नाही. पण नियम, हिशेब आणि सभा यांत काम बांधून ठेवले, तर ते पुढाऱ्यानंतरही चालते. सारा भार एकाच्या खांद्यावर राहिला, तर तो थकला की गाव थकते.

आपले मंडळ

आता आपल्याकडे वळू. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी गावात तरुण मंडळ होते आणि मी त्याचा चिटणीस होतो. गणपती, हरिनाम सप्ताहातील वाढप, शाळेच्या पटांगणाची सफाई अशी कामे आम्ही करीत असू. वर्गणी मी जमा करीत असे. पैशाला कधी हात लावला नाही, पण हिशेब मात्र दोन वर्षे लोकांपुढे वाचला नाही. "विचारील कोण? सगळे आपलेच आहेत," असे वाटले. मग कोणीतरी पारावर शंका काढली. मी रागाने वही फेकली आणि घरी बसलो. महिन्याभरात मंडळ मोडले. त्यानंतर ओढ्यावरील बांध फुटला, तो बुजविण्यास दहा माणसे जमली नाहीत. वही वाचून दाखविण्यास अर्धा तास लागला असता. त्या अर्ध्या तासाची किंमत गावाने वीस वर्षे मोजली, आणि दोष माझा होता.

म्हणूनच या जीर्णोद्धारात दर अमावस्येला सभामंडपात जमाखर्च वाचला गेला, तेव्हा माझे डोळे भरून आले. अकरा रुपये देणाऱ्या आजीचे नाव अकरा हजार देणाऱ्याच्या नावापाठोपाठ मोठ्याने घेतले गेले. पावतीपुस्तकाचा एकही तुकडा गहाळ झाला नाही. मुंबई-पुण्यास नोकरीस असलेली पोरे सुट्टी काढून वाळूच्या पाट्या वाहावयास आली. दोन भावक्या, ज्या बांधाच्या वादामुळे वर्षानुवर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एकाच दोराने शिखराचा दगड ओढताना मी पाहिल्या. हे शिकलेले मंडळ कळस चढताच बंद करावयाचे, म्हणजे पेरणी करून रान सोडून देण्यासारखे आहे.

माझ्या नोकरीच्या अनुभवावरून चार सूचना करतो. पहिली, मंडळाची रीतसर नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा. कागद नीट असला की शासकीय योजनेत गावास मान मिळतो. दुसरी, अध्यक्ष व चिटणीस दर दोन वर्षांनी बदलावेत आणि त्यांत महिलांना व सर्व समाजांना जागा असावी. जीर्णोद्धाराच्या स्वयंपाकाचा सारा भार ज्या माता-भगिनींनी वाहिला, त्यांचे एकही नाव समितीच्या यादीत नाही, ही उणीव आहे. तिसरी, निवडणुकीच्या काळात मंडळाच्या फलकावर कोणत्याही पक्षाचे नाव येऊ नये. चौथी, महिन्यातून एक दिवस श्रमदान ठरवावे आणि पहिले काम त्या फुटलेल्या बांधाचे घ्यावे. देवळाच्या पायरीवरून तो बांध दिसतो. काकड्याला येणारा प्रत्येक जण तो रोज पाहतो.

शिल्लक रकमेविषयी मतभेद होतील. देवाचे पैसे देवाकडे, हे मलाही मान्य आहे. पण बांध बांधला तर ओढ्याकाठच्या विहिरींना पाणी राहील आणि देवाच्या स्नानाचे पाणी उन्हाळ्यात टँकरने आणावे लागणार नाही. अहिल्यादेवींनी काशीत मंदिर उभारले व घाटही बांधला. त्यातील कोणते काम देवाचे आणि कोणते लोकांचे, हे सांगणे कठीण आहे.

लेख लांबला, त्याबद्दल क्षमस्व. कोणाचे मन दुखावले असल्यास लहान भाऊ समजून पोटात घालावे. कळसाकडे पाहताना मान वर करावी लागते, हे खरेच. दर्शन झाले की एकदा मान खाली करून ओढ्याकडेही पाहावे, एवढीच विनंती. येत्या अमावस्येच्या बैठकीस सर्वांनी यावे. जुनी वही मी जपून ठेवली आहे. तिच्यातील शेवटच्या दोन वर्षांचा हिशेब त्या दिवशी, उशिरा का होईना, मी वाचून दाखविणार आहे. त्यानंतर मंडळ ठेवावयाचे की मोडावयाचे, ते ग्रामदैवताच्या साक्षीने ठरवू या.